जिवंतांचा मांडव

आमच्या विभागात दरवर्षी अठरा-वीस पोरं नेपथ्य शिकायला येतात आणि त्यातल्या निम्म्यांना खिळा कुठल्या टोकाने ठोकायचा हे मी शिकवतो. हे अभ्यासक्रमात नाही. अभ्यासक्रमात जे आहे ते डॉक्टर अमिस्सा शिकवतात. रेषा, रंग, अवकाश. मग पोरं त्या अवकाशात एक जिना काढतात, जो वर कुठेच पोचत नाही, आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणतात, "मास्टर फीफी, सोमवारपर्यंत हवाय." सव्वीस वर्षं मी असले जिने बांधतोय. त्यातले दोन नटांसकट कोसळले, आणि दोन्ही वेळा चूक सुताराची ठरली.

अराबा बेंत्सिल पहिल्यांदा वर्कशॉपच्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई मुलाला भेटायला आलीय आणि वाट चुकलीय. त्रेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली बाई. डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला आणि काखेत नवीकोरी वही.

"मुलगा वरच्या मजल्यावर असेल," मी म्हटलं. "पहिल्या वर्षाची पोरं तिकडे बसतात."

"मुलगा नाही मला. पहिल्या वर्षाला मीच आहे."

समोर एका पोराने लाकडी चौकटीवर कापड ताणून ठेवलं होतं. म्हणजे ताणल्यासारखं केलं होतं, मधोमध त्याचं पोट सुटलं होतं. अराबाने वही खाली ठेवली, कडेचे चार खिळे उपसले, तळहाताने कापड मधून कडेकडे सारत नेलं आणि परत ठोकलं. एक सुरकुती राहिली नाही.

"हे कुठे शिकलीस?"

"पलंगांवर," ती म्हणाली.

तेव्हा ओळख पटली. खरं तर आधीच पटायला हवी होती. मासळी बाजारापासून दीपगृहापर्यंत कुणीही गेलं की अंत्यदर्शनाचा पलंग सजवायला अराबाच यायची. आत पलंगाला पांढरी लेस, सोनेरी झालर, उशाशी फुलांची कमान. बाहेर मांडव, खुर्च्यांच्या रांगा, खांबांना काळ्या-लाल पट्ट्या. माझ्या आईचा पलंगही तिनेच केला होता. त्या दिवशी मी आईकडे बघत होतो, सजवणारीकडे कोण बघतं?

"तुमची आई हसत होती," अराबा म्हणाली. "म्हणजे उशी मी तशी ठेवली होती. हनुवटी जरा वर घेतली की चेहरा हसरा दिसतो."

मी तिला खिडकीजवळचं बाकडं दिलं. ते मी कुणाला देत नाही.

पोरांनी तिला लगेच मावशी करून टाकलं. "मावशी, माझं माप आत्ताच घेऊन ठेवा, परीक्षेनंतर लागेल," असले विनोद चालायचे आणि ती हसायची. मीही कमी नव्हतो. "तुझं बरं होतं, अराबा," मी म्हणायचो. "तुझं गिऱ्हाईक कधी तक्रार करत नव्हतं. इथे डॉक्टर अमिस्सा आहेत." त्यावरही ती हसायची, पण बोटं रुमालाची कड चिवडत राहायची. इतकी घाबरट विद्यार्थिनी मी पाहिलेली नाही. एकच फळी तीनदा मोजायची. घरी निघाली की कुलूप ओढून बघायची, फाटकापर्यंत जायची, परत येऊन ओढून बघायची. काम दाखवायचा दिवस असला की आणलेली केंकी, आंबवलेल्या मक्याचा गोळा, आणि मासा पानात गुंडाळलेलाच राहायचा.

एवढी भीती वाटते तर आलीस कशाला, असं मी तिला तिसऱ्या वर्षी विचारलं. तेव्हा तिने लेकीच्या मागणीचं सांगितलं.

एकुवा तिची एकुलती एक. मुलाकडची माणसं मागणी घालायला यायची होती, अंगणात मांडव घालायचा होता. अराबाने कापडं आणून धुऊन ठेवली होती. तर मुलाच्या दोन आत्यांनी निरोप पाठवला की मांडव दुसऱ्या कुणाकडून घाला, तिचा हात मेलेल्यांचा आहे. एकुवा म्हणाली, "आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." मग ताकोराडीहून एक सजावटवाला आला आणि अराबा स्वतःच्या अंगणात पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून पाहुण्यासारखी बसली.

"डावीकडचा खांब वाकडा होता, मास्टर," ती मला म्हणाली. "दिवसभर मी तो खांब बघत बसले. उठून सरळ करता येईना. माझ्या मुलीची मागणी झाली आणि मला आठवतो तो फक्त खांब."

मग ती म्हणाली, "मला एकदा तरी अशी जागा सजवायचीय जिथे कुणी मेलेलं नाही. आणि ती मला सजवता येते हे कागदावर लिहून हवंय. विद्यापीठाचा कागद बघितला की लोकांची तोंडं बंद होतात."

तोंडं कागदाने बंद होतात की नाही हे मला माहीत नव्हतं. पण बाई तीन वर्षं त्यासाठी पोरांच्यात बसून रेघा मारत होती, त्यामुळे मी तिला तसं म्हटलं नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका नाटकाचं पूर्ण नेपथ्य करावं लागतं. आधी छोटं मॉडेल, ते पसंत पडलं की खरं. अराबाने पहिल्यांदा राजाच्या दरबाराचं मॉडेल केलं. दीड महिना खपली. डॉक्टर अमिस्सांनी चष्मा काढला, मॉडेलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सुरेख आहे. प्रेत कुठे ठेवायचं?"

वर्ग लोटपोट झाला. डॉक्टर वाईट माणूस नाहीत, हे मी शपथेवर सांगेन, पण चांगलं वाक्य सुचलं की ते गिळणं त्यांना जमत नाही. तीच गोष्ट त्यांनी मग सभ्य भाषेत कागदावर लिहिली आणि अराबा नापास झाली. आमच्याकडे एकदाच पुन्हा बसता येतं. दुसऱ्यांदा गेलं की पदवी नाही, नुसतं हजर होता असं पत्र मिळतं आणि घरी जायचं.

दुसऱ्या खेपेला पोरांनीच रचलेलं एक हसवणारं नाटक होतं. मुलाकडचे मागणी घालायला येतात, दाराशी मुलीच्या मावश्या त्यांना अडवतात, घासाघीस, टोमणे, रुसवे. "हे घे," मी म्हटलं. "यात कुणी मरत नाही." तिने तीनदा वाचून खात्री करून घेतली.

तिची कल्पना मला आवडली होती. विभागाच्या मागे निंबाखाली मोकळं अंगण आहे, तिथेच खेळ करायचा. पश्चिमेकडे तोंड करून घराचा दर्शनी भाग उभा करायचा, म्हणजे संध्याकाळचं तिरपं ऊन थेट त्यावर पडेल आणि दिवे लागणार नाहीत. त्या घराच्या मधोमध पडदा लावलेला कोनाडा, ती नवरीची खोली. मावशीने तीनदा हाक मारली की नवरी पडदा सारून बाहेर येणार. समोर तीन बाजूंनी खुर्च्या, प्रेक्षक म्हणजेच दोन्हीकडचे वऱ्हाडी. गावातली माणसं बोलवायची, नुसते विद्यार्थी नाहीत, हा विभागाचा नियमच आहे.

डॉक्टरांनी एकच अट घातली. "प्रेक्षक खेळाच्या जागेतून चालता कामा नये. मागून यायचं, तिथेच बसायचं." अराबाने मॉडेलमध्ये खुर्च्यांच्या मागच्या बाजूला दोन वाटा सोडल्या आणि त्यांवर निळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांची हललेली मान म्हणजे आमच्याकडे हार घातल्यासारखं असतं.

त्या दिवसापासून तिने लाल आणि काळ्यामागे, मयताच्या रंगांमागे, हात धुऊन लागायचं ठरवलं. माझी लाल बादली गायब झाली. सामान हलवणाऱ्या पोरांच्या काळ्या विजारी जाऊन खाकी आल्या. भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावर तिने पिवळी पिशवी शिवून चढवली.

"आणि आग लागली तर?"

"लागू दे. लाल दिसता कामा नये."

आता लाल नाही, काळं नाही, मग उरलं काय? पांढरं आणि सोनेरी. कोनाड्याला पांढरी लेस, तिला सोनेरी झालर, वर फुलांची कमान. हे आज मी सांगतोय. तेव्हा आम्हा दोघांनाही त्यात काही दिसलं नाही.

परीक्षा गुरुवारी होती. बाहेरच्या परीक्षक अक्राहून यायच्या होत्या, लार्टेले नावाच्या बाई. आठ दिवस आधी त्यांचं पत्र आलं की गुरुवारी जमत नाही, शनिवारी येते. अराबाला मी हे सांगितलं तेव्हा ती करवत पुसत होती. तिने करवत खाली ठेवली आणि शिकंज्याची दांडी घट्ट धरली.

"शनिवार नको, मास्टर."

शनिवार म्हणजे माती द्यायचा दिवस. शनिवारी दुपारी अर्धं गाव कुणाच्या ना कुणाच्या मांडवात काळी-लाल कापडं नेसून बसलेलं असतं. ती डॉक्टरांकडे गेली, मी सोबत गेलो.

"सर, शनिवारी लोक तिकडून थेट इकडे येतील. अंगावर तीच कापडं असतील."

"प्रेक्षकांची वेशभूषा अभ्यासक्रमात नाही," डॉक्टर म्हणाले. पुन्हा चांगलं वाक्य. "चारला सुरू करा, सव्वापाचला संपवा, मग तोंडी परीक्षा. बाईंना सहाला निघायचंय. आणि तुमच्याकडे दिवे नाहीत हे विसरू नका."

ते खरंच होतं. सहा वाजले की आमच्याकडे ऊन असं पळतं की बघणाऱ्याने चष्मा पुसेपर्यंत अंधार.

त्या आठवड्यात मी सकाळी कुलूप उघडायला यायचो तर अराबा पायरीवर आधीच बसलेली असायची. डोळे सुजलेले. "काय राहिलं असेल, मास्टर? काहीतरी राहिलंय." मी म्हणायचो काही राहिलेलं नाही. ती पुन्हा यादी काढायची.

शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी खुर्च्या मांडल्या. दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, तिच्याच धंद्यातल्या. एका टोकाने ती, दुसऱ्या टोकाने मी. जन्मभर शनिवारी कुणाच्या तरी दारात मी खुर्च्या मांडत आलोय, हात आपोआप चालतात. तासाभरात झालं. मग तिने दोरी धरून एकेक रांग सरळ केली, पडद्याला इस्त्री फिरवली. मी लांब उभा राहून बघितलं आणि मनाशी म्हटलं, हिने जिंकलं. मॉडेल आत वर्कशॉपमध्ये टेबलावर होतं. ते आणून शेजारी ठेवून बघावं असं दोघांनाही सुचलं नाही.

साडेतीनला पुढच्या काही खुर्च्या भरल्या. कचेरीतले कारकून, काही शिक्षक, आणि तिसऱ्या खुर्चीवर लार्टेले बाई, सडपातळ, मांडीवर फाइल. मग फाटकातून गाव आलं.

पुढे एसुओन आजी. मासे भाजणाऱ्या बायकांत ती सगळ्यात थोरली, ऐंशीच्या घरातली. अंगावर काळं कापड, डोक्याला लाल. तिच्यामागे तशाच तीसेक बायका, आणि त्यांच्यामागे आणखी माणसं, सगळी माती देऊन थेट आलेली. आजी अंगणाच्या तोंडाशी थांबली. तिने मांडव बघितला, खुर्च्या बघितल्या. पदरासारखं खांद्यावरून घेतलेलं कापड नीट केलं, त्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि उजवीकडच्या पहिल्या खुर्चीशी जाऊन तिथल्या कारकुनाचा हात हातात घेतला. मग दुसऱ्याचा. मग बाईंचा. तिच्यामागून तीस बायका तेच करू लागल्या.

ही बसत का नाही, असं माझ्या मनात येतंय तोच शेजारून आवाज आला, "वाटा."

"कसल्या वाटा?"

"मागच्या, मास्टर. मागच्या वाटा कुठायत?"

नव्हत्याच. मयताच्या मांडवाला आपण मागची बाजू बंद ठेवतो. मागून गुपचूप येऊन कुणी बसायचं नसतं. तोंड एकच, उजवीकडे. तिथून आत यायचं आणि उजवीकडून डावीकडे बसलेल्या प्रत्येकाचा हात हातात घेत पुढे जायचं. वीस वर्षं तिने ती बाजू बंद केली होती, पन्नास वर्षं मी. मॉडेलमध्ये दोन निळ्या पट्ट्या होत्या आणि जमिनीवर खुर्चीला खुर्ची लागलेली. डॉक्टरांची एकुलती एक अट, आणि सगळं गाव खेळाच्या जागेतून रांगेने चाललेलं.

"काढू का चार खुर्च्या?" मी म्हटलं.

"माणसं बसलीत त्यांवर."

चार वाजायला दहा कमी होते. मग चार वाजले. रांग फाटकाबाहेर गेली होती. जे पुढे जाऊन बसत होते त्यांचेही हात मागचे येऊन धरत होते, त्यामुळे काम वाढतच चाललं होतं. लार्टेले बाईंनी फाइल खुर्चीखाली ठेवून दिली, कारण त्यांचे दोन्ही हात मोकळे राहीनात. समोरून डॉक्टरांनी आमच्याकडे एकदाच बघितलं. पडलेल्या जिन्याकडे ते असंच बघतात.

आणि मग रांग कोनाड्यापाशी पोचली.

पांढरी लेस, सोनेरी झालर, फुलांची कमान, ओढलेला पडदा. एसुओन आजी त्याच्यासमोर थांबली. तिच्यामागे सगळे थांबले. आणि अराबाला तेव्हा दिसलं.

"पलंग केलाय मी," ती म्हणाली. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. "मास्टर, मी परत पलंगच केलाय. संपलं माझं."

मला माझी आई दिसत होती.

आजीने मान खाली घातली आणि जाणाऱ्याशी आपण बोलतो तशी हळू आवाजात बोलायला लागली. "जातेच आहेस तर माझं एक काम कर. माझ्या ओटूला निरोप दे. म्हणावं, घराला पत्रे घातले. आता गळत नाही. आणि सांग की मी येईन, पण मला घाई नाही. उगाच दारात उभा राहून पाय दुखवून घेऊ नको म्हणावं."

मागे एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

पडद्यामागे न्हीरा बसली होती. दुसऱ्या वर्षाची पोरगी, नवरीचं काम करणारी. मावशीच्या तीन हाकांची वाट बघत, गळ्यात मणी घालून. ती नंतर मला म्हणाली, "मास्टर, बाहेर नाही आले तर मी मरते आणि आले तर आजी मरते." पडदा हलला. आधी चार बोटं दिसली. आजी एक पाऊल मागे सरकली. मग न्हीरा पूर्ण बाहेर आली, आजी कोलमडायच्या आत तिचे दोन्ही हात धरले, आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आजी, आजोबांना तुम्हीच सांगा, सावकाश. मी कुठे जात नाहीये. माझी आज मागणी आहे! बसा इथे पुढे, आणि त्या मुलाकडच्यांना जरा नीट पारखून घ्या. मला त्यांची आत्या काही आवडलेली नाही."

मग आजीने तिच्या दंडावर फाडकन चापट मारली. "अगं भवाने! मग अशी पडदा लावून आत कशाला बसलीस!"

आणि अंगण फुटलं. रडत होती ती बाईसुद्धा तोंडात कापड कोंबून हसायला लागली. आत्याचं काम करणारी पोरगी विंगेतून तशीच बाहेर आली, "आमच्यात काय खोट दिसली हो तुम्हाला?" म्हणत, आणि नाटक तिथूनच सुरू झालं. रांगेतली माणसं जिथे जागा मिळेल तिथे बसली. काळ्या-लाल कापडातलं गाव बघता बघता वऱ्हाडी झालं. मधूनच उत्तरं देऊ लागलं, मुलाकडच्यांना नावं ठेवू लागलं. एसुओन आजीने चार वेळा खेळ थांबवून मुलाकडच्यांनी आणायच्या दारूबद्दल आपलं मत सांगितलं.

खेळ फार रंगला म्हणतात. मला माहीत नाही. मी आणि अराबा घराच्या भिंतीवरचं ऊन बघत उभे होतो. ते उंबरठ्यावरून खिडकीवर चढलं, खिडकीवरून वळचणीला गेलं. सहाला दहा कमी असताना टाळ्या पडल्या.

खोलीत जाऊन बसायला वेळ उरला नव्हता. लार्टेले बाई म्हणाल्या, "इथेच उभ्याने बोलू." शेजारी डॉक्टर, समोर अराबा. मी खुर्च्या एकात एक घालत होतो आणि कान तिकडे.

"मॉडेलमध्ये मागे दोन वाटा आहेत," बाई म्हणाल्या. "इथे नव्हत्या. लोकांना पुढून आणायचं, अंत्यदर्शनाच्या पलंगापुढून न्यायचं आणि मग त्यातूनच जिवंत नवरी बाहेर काढायची. हे कधी ठरवलंत?"

अराबाने तोंड उघडायच्या आत डॉक्टर म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात बदललं असणार. बरोबर ना, बेंत्सिल?" आणि तिच्याकडे असं बघितलं की आंधळ्यालाही कळावं. हो म्हण.

मी सात खुर्च्या छातीशी धरून उभा राहिलो. हो म्हण, बाई. एक अक्षर. कागद मिळेल, लोकांची तोंडं बंद होतील.

अराबाची बोटं रुमालाच्या कडेला गेली.

"नाही," ती म्हणाली. "ठरवलं नव्हतं. चूक झाली. वाटा मीच बंद केल्या, हाताच्या सवयीने. पांढरं-सोनेरी घेतलं कारण लाल-काळं टाळायचं होतं, आणि त्याचा पलंग होतोय हे मला दिसलंच नाही. मला अशी जागा करायची होती जिथे कुणी मेलेलं नाही. ती मला जमली नाही. त्या पोरीने वाचवलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मग यात तुमचं काय?" बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

वळचणीवरचंही ऊन गेलं. "माणूस कुठे थांबतो ते मला माहीत आहे," अराबा म्हणाली. "एवढंच. बाकीचं शिकतेय."

बाईंनी अंधूक उजेडात फाइलीत काहीतरी लिहिलं आणि गाडीकडे गेल्या.

निकालाला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस अराबा वर्कशॉपकडे फिरकली नाही. मी दोनदा तिच्या घरी गेलो. दोन्ही वेळा ती अंगणात मांडवाचे खांब पुसत होती, आणि दोन्ही वेळा चहा मी केला. "का नाही म्हणालीस?" मी विचारलं. चिडलोच होतो. ती म्हणाली, "तो खांब वाकडा होता, मास्टर. परत दिवसभर बघत बसायचं नव्हतं."

यादी लागली त्या दिवशी मी खालून वाचायला सुरुवात केली, म्हणून लगेच सापडली. उत्तीर्ण, पण अगदी तळाच्या वर्गात. ती हो म्हणाली असती तर पहिल्या वर्गात गेली असती, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं, चरफडत. आणि मग म्हणाले, "माणूस कुठे थांबतो. बावीस वर्षं मी शिकवतोय, मला हे वाक्य सुचलं नाही." पुढच्या वर्षीच्या पोरांना ते हे वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवणार, याबद्दल मला शंका नाही.

कागद मिळाला. एकुवाने "छान झालं, आई" म्हणून फोन ठेवला. अराबाने कागद वहीत घालून ठेवला आणि पुन्हा खिडकीजवळच्या बाकड्यावर येऊन बसायला लागली, पोरांच्या चौकटी ताणून द्यायला. गावातलं कुणी कागद बघायला आलं नाही.

एका मंगळवारी दारात काठी वाजली आणि धुरात भाजलेल्या माशांचा वास आला. एसुओन आजी टेकडी चढून आली होती. दम लागलेला.

"ती मेलेलीला उठवून बसवणारी कुठाय?"

अराबा उभी राहिली.

"नातीची मागणी आहे. मांडव तू घालायचास."

"आजी," अराबा म्हणाली. "माझा हात..."

"काय झालं हाताला? माझ्या ओटूचा पलंग तूच केला होतास, मला काय माहीत नाही? साठ वर्षं मी मासे भाजतेय, ये, माझ्या हाताचा वास घेऊन बघ. लोक खातातच ना?" तिने काठी जमिनीवर आपटली. "आणि हे बघ, मागच्या वाटा उघड्या ठेव. गुडघे गेलेत माझे. दोनशे जणांचे हात धरत फिरायला लावलंस तर तिथेच आडवी होईन. मग बस परत पलंग करत."

मी दिलेलं पाणी प्यायली, पाण्याला रंधा मारलेल्या लाकडाची चव येते म्हणाली आणि गेली.

अराबा बाकड्यावर बसली. रुमाल सोडला, परत बांधला, परत सोडला.

"आता तरी हसशील का?" मी म्हटलं.

"मला भीती वाटतेय, मास्टर."

"आता कसली?"

"आजवर माझ्या गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली नाही," ती म्हणाली. "ही करणार."

मग तिने वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिलीला टोक केलं, आणि सगळ्यात आधी मागच्या दोन वाटा काढल्या.